छातींतील गांठी आणि त्यांची परीक्षा
(नभोवाणीवरील भाषण)

लातूरहून रात्रीं सुटणारी गाडी सकाळीं मुंबईस पोंचते. त्या गाडीनें आपल्याकडे कधीं काका, कधीं मामा, तर कधीं आत्याबाई येतात. निलंगा तालुक्यांतील एकाद्या खेड्यांतून आधीं निलंग्यास, तेथून लातुरास, आणि मग रात्रभर प्रवास करून त्या आपल्या दारांत उभ्या राहतात. चहा होतो; पावसापाण्याची, तुरीची नि सोयाबिनाची चौकशी होते; आणि मग कापडी पिशवींतून छातीच्या फोटोचें मोठें पाकीट हळूच बाहेर निघतें. "बाबा, तुम्ही शिकलेली माणसं. यात काय लिहिलंय ते जरा सांगा." आपण कागद उघडतों. छातीच्या मध्यभागीं लसीकाग्रंथी वाढलेल्या आहेत, त्यांतील तुकडा काढून तपासावा, असें त्यांत इंग्रजींत लिहिलेलें असतें. 'तुकडा' हा शब्द उच्चारतांच घरांत एकदम शांतता पसरते.

त्या शांततेविषयीं मला आज बोलावयाचें आहे. मी छातीच्या रोगांवर उपचार करणारा डॉक्टर आहें, आणि रोगापेक्षां या शांततेनेंच अधिक नुकसान केलेलें मीं पाहिलें आहे.

प्रथम ही जागा कोणती तें पाहूं. छातीच्या पिंजऱ्यांत उजवें आणि डावें अशीं दोन फुप्फुसें आहेत. त्यांच्या मधोमध, पुढच्या उरोस्थीच्या मागें आणि पाठीच्या कण्याच्या पुढें, एक अरुंद पण अतिशय गजबजलेली जागा आहे. वाड्याच्या सोप्यांमध्यें जसा चौक, तसा हा छातीचा चौक होय. वैद्यकांत त्याला मेडियास्टिनम म्हणतात. मराठींत आपण मध्यवक्ष म्हणूं. हृदय, त्यांतून निघणारी महारोहिणी, शरीरभरचें रक्त परत आणणारी मोठी नीला, श्वासनलिका, अन्ननलिका आणि स्वरयंत्राला हुकूम पोंचविणारे मज्जातंतु हे सर्व येथें दाटीवाटीनें नांदतात. याच दाटींत, श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांस, लसीकाग्रंथींच्या माळा आहेत.

लसीकाग्रंथि ही वस्तु आपल्याला अनोळखी नाहीं. पायांत काटा रुतून जखम चिघळली म्हणजे जांघेंत अवधाण येतें. घसा सुजला म्हणजे जबड्याखालीं गांठ हाताला लागते. आणि जुनीं माणसें जिला गंडमाळा म्हणत, ती बहुधा मानेंतील याच ग्रंथींचा क्षय असे. या ग्रंथी म्हणजे शरीराच्या वेशीवरील चौक्या होत. कोणी परका आंत शिरला कीं चौकींत गर्दी होते आणि चौकी फुगते. छातीच्या फोटोंत आपल्याला ही फुगलेली चौकी दिसते. परंतु आंत गर्दी कोणाची झाली आहे, हें मात्र दिसत नाहीं.

आणि सारा प्रश्न तोच आहे. मध्यवक्षांतील ग्रंथी अनेक कारणांनीं वाढतात. आपल्या देशांत पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो योग्यच आहे, कारण जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथाई आपल्या देशांत आहेत. दुसरें कारण सार्कॉयडोसिस नांवाचा विकार. तो कर्करोगही नव्हे आणि संसर्गही नव्हे. पुष्कळदां तो औषधावांचून आपोआप मावळतो. तिसरें कारण लिम्फोमा, म्हणजे खुद्द लसीकाग्रंथींचाच कर्करोग. चौथें, फुप्फुसाचा किंवा दुसऱ्या एकाद्या अवयवाचा कर्करोग पसरून या चौक्यांपर्यंत येऊन पोंचणें. यांशिवाय कांहीं बुरशींचे संसर्ग आहेत, आणि वर्षानुवर्षें दगडाची धूळ छातींत गेल्यानें होणारा विकारही आहे. यांतील प्रत्येकाचा उपाय निराळा. एकाचें औषध दुसऱ्याला दिल्यास तें निरुपयोगी ठरतें, आणि कधीं कधीं घातकही.

राँटगेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लावला आणि छातीच्या आंतील सावली प्रथम दिसूं लागली. १९७१ पासून सी. टी. स्कॅन आला, त्यामुळें ती सावली किती मोठी, कोठें आणि कोणाला खेटून आहे, हें कळूं लागलें. परंतु सावली ती सावलीच. गांठ क्षयाची कीं कर्करोगाची, हें निश्चयानें सांगावयाचें तर त्या गांठीचा कण सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावाच लागतो. यालाच बायॉप्सी म्हणतात.

माझ्या अनुभवांतील दोन गोष्टी सांगतों. नांवें सांगणें उचित नाहीं. तीं सांगण्याची आवश्यकताही नाहीं.

पहिली गोष्ट निलंग्याकडच्या एका बाईंची. वय पस्तिशीचें. बारीक ताप, खोकला, वजन घटलेलें आणि छातींत गांठी. कोणीतरी कर्करोगाचें नांव काढलें, आणि घरच्यांनीं उपचारासाठीं जमीन विकण्याचें बोलणेंही सुरू केलें. बाईंना मात्र कोणी कांहीं सांगितलें नव्हतें. आपल्या माघारीं पोरांचें काय, हें त्या एकट्याच रात्रीं मनांत घोळवीत होत्या. आम्हीं तुकडा काढला. निदान क्षयाचें आलें. सरकारी दवाखान्यांतून औषध विनामूल्य मिळालें, तें सहा महिने नेमानें घेतलें, आणि गांठी विरल्या. जमीन जागेवर राहिली, बाईही राहिल्या.

दुसरी गोष्ट त्याच भागांतील एका निवृत्त शिक्षकांची. त्यांना आम्ही सर्व मास्तर म्हणत असूं. ताप तोच, वजन तसेंच घटलेलें, आणि फोटो तर असा कीं पहिल्या फोटोशेजारीं ठेवला असतां कोणीही फसावें. त्यांचा मुलगा शहरांत चांगल्या नोकरीवर होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, आमच्याकडे क्षयच असतो. या वयांत त्यांना कापाकापी नको. औषध सुरू करा, आणि त्यांना कांहीं सांगूं नका." त्याच्या बोलण्यांत प्रेम होतें, माझ्या होकारांत आळस होता, असें आज मला वाटतें. मीं औषध सुरू केलें. पहिल्या महिन्यांत थोडें बरें वाटलें, दुसऱ्यांत वाटेनासें झालें. तरीही आम्ही थांबलों. चौथ्या महिन्यांत तुकडा काढला तेव्हां लिम्फोमा निघाला, आणि तोंवर तो पोटांतील ग्रंथींपर्यंत गेला होता. निदान सांगावयास मी त्यांच्या खाटेजवळ बसलों. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "डॉक्टर, नापास झालेल्या पोरालाही मीं त्याचा पेपर दाखवीत असें. माझा पेपर तुम्हीं तपासलाच नाहीं."

पुढें उपचार झाले. मास्तरांनीं एक वर्ष मोठ्या धीरानें काढलें, आणि ते गेले. ते चार महिने हातीं असते तर ते खात्रीनें वांचले असते, असें मी म्हणत नाहीं. परंतु तो प्रश्न मला अद्याप सोडीत नाहीं. आणि आजचें हें भाषण त्या पेपराची उशीरा केलेली भरपाई आहे, असें समजा.

वैद्यकाच्या इतिहासांत याच्या उलट काळही होऊन गेला. रॉबर्ट कॉक यांनीं क्षयाचा जंतु १८८२ सालीं दाखविला. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८६ त अमेरिकेंत वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या, आणि वयाचें बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १८८७ च्या फेब्रुवारींत, क्षयानें पुण्यांत वारल्या. रोगाचें नांव ठाऊक होतें. उपाय ठाऊक नव्हता. क्षयावरचें पहिलें खरें औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ सालीं सांपडलें. आज क्षयाला औषध आहे, आणि लिम्फोमाच्याही अनेक प्रकारांना आहे. त्यांतील हॉजकिन या प्रकाराचे बहुसंख्य रोगी पूर्ण बरे होतात. अशा काळांत उपाय हाताशीं असून नांवच न विचारणें, ही आपली आपणच करून घेतलेली हानि होय.

आतां तुकडा कसा काढतात तें सांगतों. सर्वांनाच मोठी शस्त्रक्रिया लागते, असें नाहीं. चांगला डॉक्टर प्रथम थुंकी तपासतो, आणि मग आपल्या बोटांनीं रोग्याची मान आणि गळपट्टीच्या हाडांवरील खळगे नीट चांचपून पाहतो. तेथें गांठ लागली तर छातींत उतरण्याचें कारणच नसतें. तेवढीच जागा बधिर करून ती गांठ, किंवा तिचा भाग, काढून घेतां येतो, आणि रोगी त्याच दिवशीं घरीं जातो. बारीक सुईनें गांठींतील पेशी ओढून घेण्याचीही रीत आहे. ती सोपी खरी. पण लिम्फोमाची शंका असेल तेव्हां सुईंतील चार पेशी पुरत नाहींत, गांठीची सबंध रचना पाहावी लागते. "आधीं सुई टोंचली, आतां पुन्हां कापायचें कशाला?" असें विचारतात, त्याचें उत्तर हें आहे.

मानेंत गांठ नसेल तर दुसरा मार्ग दुर्बिणीचा. तोंडावाटे श्वासनलिकेंत एक लवचिक दुर्बीण उतरवितात. तिच्या टोंकाशीं ध्वनिलहरींनीं पाहण्याची सोय असते. भिंतीपलीकडील ग्रंथि त्या पडद्यावर दिसते आणि तेथूनच सुई टोंचून नमुना घेतां येतो. कोठेंही कापावें लागत नाहीं. गुंगीचें औषध पुरतें. आजकाल पुष्कळ ठिकाणीं हाच मार्ग प्रथम अवलंबितात.

परंतु या सुईनें उत्तर न मिळाल्यास, किंवा मोठा तुकडाच हवा असल्यास, तिसरा मार्ग उरतो. तोच मेडियास्टिनोस्कोपी, म्हणजे मध्यवक्षाचें प्रत्यक्ष दर्शन. १९४९ सालीं डॅनिअल्स यांनीं गळपट्टीच्या हाडामागील ग्रंथि काढून छातींतील रोग ओळखण्याची रीत मांडली. आणि १९५९ सालीं स्वीडनमधील एरिक कार्लेन्स यांनीं मानेच्या तळाशीं लहानसा छेद घेऊन, त्यांतून नळी घालून छातींत पाहण्याची ही पद्धति प्रसिद्ध केली. आज त्या नळीला कॅमेरा जोडलेला असतो, इतकाच काय तो मोठा फरक.

ही शस्त्रक्रिया तालुक्याच्या गांवीं होण्यासारखी नाहीं. निलंग्यास थुंकीची तपासणी आणि छातीचा फोटो होऊं शकतो. सुमारें ५० किलोमीटरांवर लातुरास २००२ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अंबाजोगाईसही आहे. छातीचा शल्यवैद्य आणि भुलेचा जाणकार डॉक्टर जेथें असतील तेथेंच हें काम करावें. त्यासाठीं या भागांतील लोक पुणें, मुंबई किंवा हैदराबाद गांठतात. निघतांना शिधापत्रिका आणि आधारपत्र बरोबर घ्यावें, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत आपला उपचार बसतो कीं काय, याची चौकशी रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशीं करावी.

शस्त्रक्रियेपूर्वीं रक्ताची तपासणी, हृदयाचा आलेख आणि सी. टी. स्कॅन होतो. डॉक्टरांना कांहीं गोष्टी आपण होऊन सांगाव्या. रक्त पातळ करणारीं औषधें चालू आहेत काय. मधुमेह, दमा किंवा रक्तदाब आहे काय. मानेवर किंवा छातीवर पूर्वीं शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार झाला होता काय. आणि एकाद्या औषधाचें वावडें आहे काय. औषधें आपल्या मनानें बंद करूं नयेत. केव्हां थांबवावीं, तें डॉक्टर सांगतील. विडी आणि तंबाखू जितक्या लवकर सुटेल तितकें चांगलें. मिश्रीही यांतच आली. एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. तुकडा निघण्यापूर्वीं कोणाच्याही सांगण्यावरून 'ताकदीच्या' म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊं नयेत. त्यांनीं लिम्फोमाच्या गांठी कांहीं काळ आक्रसतात, रोग्याला बरें वाटतें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पुरावा नाहींसा झालेला असतो.

आदल्या रात्रीं हलकें जेवण घ्यावें. शस्त्रक्रियेपूर्वीं सहा तास कांहीं खाऊं नये. साधें पाणी बहुधा दोन तास आधींपर्यंत चालतें. परंतु आपल्या रुग्णालयांत जें सांगतील तेंच प्रमाण. दांतांची कवळी आणि गळ्यांतील दागिने उतरवावे लागतात. मंगळसूत्र उतरवितांना पुष्कळ भगिनींच्या डोळ्यांना पाणी येतें. छेद नेमका तेथेंच असतो, म्हणून ही अडचण; यांत अशुभ असें कांहीं नाहीं. तें आधींच घरच्या माणसाच्या हातीं सोंपविलें म्हणजे खोलीच्या दारांत ती घालमेल होत नाहीं.

खोलींत गेल्यावर शिरेवाटे औषध देतात आणि रोगी गाढ झोंपतो. श्वासासाठीं घशांतून नळी घातलेली असते. पण हें त्याला कळत नाहीं. खांद्याखालीं उशी देऊन मान किंचित् मागें करतात. दोन गळपट्टीच्या हाडांमधील जो खळगा आपण बोटानें चांचपतों, त्याच्या किंचित् वर, सुमारें तीन सेंटिमीटरांचा आडवा छेद घेतात. निलंग्याचें जुनें मंदिर नीळकंठेश्वराचें आहे. त्या देवानें जगाचें विष कंठांतच थोपविलें, तें पोटांत उतरूं दिलें नाहीं, अशी आपली श्रद्धा. शल्यवैद्यही कंठाच्याच वाटेनें जातो आणि आंतलें विष कोणतें, तें बाहेर आणून पाहतो.

छेदांतून श्वासनलिकेच्या पुढच्या अंगानें बोटानें अलगद वाट करून नळी खालीं सरकवितात. ग्रंथि दिसली कीं लगेच चिमटा लावीत नाहींत. शेजारीं मोठ्या रक्तवाहिन्या असल्यामुळें प्रथम बारीक सुई टोंचून, रक्त येत नाहीं ना, हें पाहतात, आणि मगच हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे निरनिराळ्या ग्रंथींतून घेतात. रक्त थांबल्याची खात्री करून विरघळणाऱ्या टांक्यांनीं जखम शिवतात. सारें काम अर्ध्या तासापासून तासाभराचें. बाहेर बसलेल्या मंडळींनीं मात्र दोन-तीन तासांची तयारी ठेवावी. कारण भूल देणें आणि त्यांतून जागें होणें यांस वेळ लागतो, आणि उशीर म्हणजे संकट नव्हे.

जागें झाल्यावर घसा खवखवतो, मान अवघडते आणि गिळतांना थोडें दुखतें. साध्या वेदनाशामक गोळीनें हें आटोक्यांत राहतें. कांहीं तासांनीं पाणी, मग पातळ पेज, मऊ भात. निलंग्याचा तो प्रसिद्ध मसालेदार भात दोन-चार दिवस लांबणीवर टाकावा. तो कोठें जात नाहीं. बहुतेक रोगी त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं घरीं जातात. जखम दोन दिवस कोरडी ठेवावी. एक-दोन आठवडे जड ओझें उचलूं नये. खेड्यांतील माणसानें कडब्याच्या पेंढ्या आणि पाण्याचे हंडे यांपासून तितके दिवस दूर राहावें. छेदाची खूण पुढें मानेच्या घडींत मिसळून जाते.

धोके आहेत कीं नाहींत, असें विचाराल तर आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. शंभरांतील दोन-तीन जणांना कांहींना कांहीं उपद्रव होतो. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या डाव्या मज्जातंतूला धक्का लागून आवाज बसतो. तो बहुधा कांहीं आठवड्यांत सुटतो, क्वचित् कायम राहतो. जखमेंत पू होणें, फुप्फुसाभोंवतीं हवा सांचणें, हेंही संभवतें. मोठ्या रक्तवाहिनीला इजा होऊन छाती उघडावी लागणें, हा सर्वांत गंभीर प्रकार. तो शेंकडा एकाहूनही कमी वेळां घडतो. जीव जाणें अत्यंत विरळा. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं हें सर्व आपल्या भाषेंत समजावून मागण्याचा रोग्याला अधिकार आहे. तो त्यानें संकोच न धरतां वापरावा.

घरीं गेल्यावर मान एकदम सुजूं लागली, जखमेंतून रक्त येऊं लागलें, दम लागला, छातींत तीव्र कळ आली, ताप भरला किंवा मानेची त्वचा दाबली असतां करकर वाजूं लागली, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. निलंग्याचा रोगी म्हणूनच पहिल्या रात्रीं शहरांतील नातेवाइकांकडे राहिला तर उत्तम. तेवढ्या एका रात्रीपुरती आपल्या घरांतील खोली देणें, हें औषधाइतकेंच मोलाचें आहे.

आतां ज्या गोष्टीकडे शिकलेल्या घरांतही दुर्लक्ष होतें ती सांगतों. काढलेला तुकडा एकाच बाटलींत जाऊं नये. सूक्ष्मदर्शकाच्या परीक्षेसाठीं तो फॉर्मलीन या द्रवांत घालतात. परंतु फॉर्मलीनमध्यें जंतु मरतात. म्हणून क्षयाचे जंतु वाढवून पाहण्याकरितां दुसरा भाग निर्जंतुक मिठाच्या पाण्यांत वेगळा पाठवावा लागतो. "दोन्ही बाटल्या गेल्या ना?" एवढा एक प्रश्न नातेवाइकांनीं नम्रपणें विचारावा. जंतूच्या जनुकांची परीक्षा कांहीं तासांत उत्तर देते आणि मुख्य औषध लागू पडेल कीं नाहीं, हेंही सांगते. सूक्ष्मदर्शकाचा अहवाल बहुधा आठवड्याभरांत येतो. लिम्फोमाचा प्रकार ठरविण्यास आणखी कांहीं दिवस लागतात. जंतु वाढण्याची वाट तर सहा आठवडेपर्यंत पाहावी लागते. ही दिरंगाई नव्हे. जंतूचा तो वाढीचा वेग आहे. आणि कधीं कधीं तुकड्यांत कांहींच सांपडत नाहीं. मानेच्या वाटेनें सर्वच ग्रंथींपर्यंत पोंचतां येत नाहीं. डाव्या बाजूच्या कांहींकरितां बरगड्यांमधून दुसरी वाट करावी लागते. "कांहीं निघालें नाहीं" याचा अर्थ "कांहीं नाहीं" असा नेहमींच होत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

निदान क्षयाचें आलें तर औषध शासनाकडून विनामूल्य मिळतें. पोषणासाठीं २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले आहेत. औषध सहा महिने, क्वचित् अधिक, घ्यावें लागतें. बरें वाटलें म्हणून मध्येंच सोडूं नये. निदान दुसरें कांहीं आलें तर उपचाराची वाट निराळी. पण ती वाट आहे, आणि तिच्या आरंभाशीं हाच अहवाल लागतो.

शेवटीं दोन समजुतींविषयीं. "सुरी लागली कीं गांठ पसरते", असें खेड्यांतच नव्हे तर दिवाणखान्यांतही ऐकूं येतें. ही समजूत कोठून आली असावी, हें मी समजूं शकतों. पूर्वीं लोक फार उशीरा येत. तुकडा निघे तोंवर रोग पसरलेलाच असे. आणि दोष मात्र सुरीला लागे. मध्यवक्षांतील ग्रंथीचा तुकडा काढल्यानें रोग पसरत नाहीं. तो न काढतां दवडलेल्या महिन्यांत पसरतो.

दुसरी समजूत अशी कीं, रोग्याला न सांगणें हेंच प्रेम. श्रोतेहो, रोग्याला पुष्कळ आधींच कळलेलें असतें. दारापलीकडील कुजबुज त्याला ऐकूं येते, आपल्या समोर आल्यावर सर्वांचे चेहरे बदलतात तें त्याला दिसतें. त्याला सर्व एकदम सांगावें, असें मी म्हणत नाहीं. त्याला विचारावें: "तुमच्या तपासणीचें तुम्हांला किती जाणून घ्यावेंसें वाटतें?" तो म्हणेल तितकें सांगावें, आणि तो थांब म्हणेल तेथें थांबावें. पण विचारावें मात्र त्यालाच. शरीर त्याचें, पेपरही त्याचा.

पुढच्या वेळीं निलंग्याहून कोणी आलें आणि पिशवींतून तें पाकीट निघालें, तर कृपा करून तें मिटून ठेवूं नका. कागद रोग्याच्या समोर, उजेडांत उघडा. 'तुकडा' हा शब्द मोठ्यानें वाचा. त्यानंतर जी शांतता होईल तींत पहिला प्रश्न रोग्याला विचारूं द्या. मास्तरांना तो विचारतां आला नाहीं. आपल्या घरीं आलेल्या माणसाला तरी तो विचारतां यावा, एवढीच माझी इच्छा आहे.